दुखापतीनंतर पुन्हा धावायला लागताना या चुका टाळा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे तिची तयारी ऐन पावसाळ्यात सुरू करावी लागते. त्यामुळे दुखापतींचा हंगामही तोच. पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ, खड्डा चुकवताना मुरगळलेला घोटा, भिजून जड झालेले शूज, आणि जुलैपासून दर रविवारी वाढवलेले किलोमीटर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नडगी, पोटरी नाहीतर गुडघा दुखायला लागतो, चार-सहा आठवडे सक्तीची विश्रांती होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मंडळी परत रस्त्यावर येतात. दुसरी दुखापत इथे होते, आणि बहुतेक वेळा पहिलीच्याच जागी.

दम आला म्हणजे पाय तयार झाले, हा समज

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. सुट्टीत गेलेला दम दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी परत येतो. स्नायू त्यामागून येतात. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा टेंडन, यांना पुन्हा भार पेलण्याजोगं व्हायला महिने लागतात. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात श्वास मोकळा असतो, घड्याळात जुना पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) दिसायला लागतो आणि वाटतं, झालो बरे. त्या दिवशी कंडरा मात्र अर्ध्या वाटेवरच असतो. म्हणून पहिले तीन महिने किती धावायचं हे दमाला विचारून ठरवू नका. दुखऱ्या जागेला विचारा, आणि तेही दुसऱ्या दिवशी सकाळी.

मोजायची रीत साधी आहे. शून्य ते दहा अशी पट्टी धरा. धावताना दुखणं ३ पर्यंत असेल, धावण्याची ढब बदलत नसेल आणि चोवीस तासांत ते आधीच्या पातळीवर आलं असेल, तर चालेल. सकाळी पलंगावरून उतरताना ते आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर कालचं धावणं जास्त झालं. लंगडत धावावं लागत असेल तर आकडा कितीही असो, थांबा. ही पट्टी कंडरा, स्नायू आणि गुडघ्यासाठी आहे. हाडाच्या दुखापतीला ती लागू नाही. तिथे दुखणं शून्यच हवं.

चाचणी न घेता थेट धावायला लागणं

घरात बसून दुखत नाही, याला फारसा अर्थ नाही. धावताना दर पावलाला एका पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. तेव्हा पहिलं पाऊल टाकण्याआधी एवढं जमायला हवं: अर्धा तास भरभर चालणं, रेल्वे पुलाचा जिना कठडा न धरता चढणं आणि उतरणं (उतरणं जास्त महत्त्वाचं), आणि दुखऱ्या पायावर जागच्या जागी वीस उड्या.

चौथी चाचणी नीट बघून करा, कारण तिथे फसवणूक सोपी असते. भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ ठेवा आणि टाच उचला. दोन सेकंदांत वर, दोन सेकंदांत खाली. असे २० ते २५ व्हायला हवेत, आणि दोन्ही पायांत फार तर दोन-तीनचा फरक. आकड्यापेक्षा टाचेकडे लक्ष द्या. आठ-दहा झाले की दुखऱ्या पायाची टाच पहिल्याइतकी वर जात नाही, गुडघा हळूच वाकतो, वजन करंगळीकडे कलतं आणि भिंतीवरच्या बोटांचा तळहात होतो. ढब जिथे मोडली तिथे मोजणी संपली. १४ वर मोडली तर तुमचा आकडा १४. मग आधी तो वाढवा, धावणं नंतर.

पहिल्याच दिवशी ‘फक्त पाच किलोमीटर’

सुरुवात किलोमीटरने नको, मिनिटांनी करा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दुसऱ्यात दोन आणि दोन, सहा वेळा. तिसऱ्यात तीन आणि एक, सहा वेळा. चौथ्यात पाच आणि एक, पाच वेळा. पाचव्यात दहा आणि एक, तीन वेळा. सहाव्यात अर्धा तास सलग. आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. लागोपाठ दोन वेळा सकाळची तपासणी साफ आली तरच पुढच्या पायरीवर जा. बिघडली तर एक पायरी खाली या. हाडाला इजा झाली असेल तर प्रत्येक पायरीला दोन आठवडे द्या.

अर्धा तास जमला की आधी वेळ वाढवा, मग लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव), त्यानंतर चढ आणि सगळ्यात शेवटी वेग. एकाच आठवड्यात दोन गोष्टी वाढवू नका. आठवड्याची बेरीज सगळे बघतात, पण नडते ती एका दिवसातली उडी. गेल्या महिन्याभरातला सगळ्यात लांब रन ८ किलोमीटरचा असेल, तर पुढचा पावणेनऊ. ग्रुपचा १२ चा बेत असला तरी तुमचा पावणेनऊ.

कंडऱ्याला नुसती विश्रांती देणं

टाचेमागचा अकिलीस किंवा तळव्याचा प्लांटर फॅशिया (टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा) दुखत असेल, तर महिनाभर बसून दुखणं कमी होतं, पण भार पेलायची ताकद आणखी घटते. मग पहिल्याच धावेत ते परत उमटतं. कंडऱ्याचं औषध म्हणजे मोजून दिलेला भार. अकिलीससाठी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही पायांनी टाच वर न्या आणि एका पायाने सावकाश खाली सोडा: १५ चे तीन संच, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. असे तीन संच गुडघा सरळ ठेवून आणि तीन किंचित वाकवून. मात्र दुखणं कंडऱ्याच्या मधोमध नसून टाचेच्या हाडाला जिथे तो चिकटतो तिथे असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडू नका. तिथे कंडरा हाडावर दाबला जातो आणि दुखणं वाढतं. सपाट जमिनीवरच करा. हा एवढा फरक न कळल्यामुळे लोक आठवडेच्या आठवडे निष्ठेने चुकीचा व्यायाम करत राहतात. तळव्यासाठीही टाच उचलण्याचाच व्यायाम आहे, फक्त बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि दिवसाआड करायचा.

हाडाचं दुखणं ‘शिन स्प्लिंट’ समजणं

नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांब पट्टा हुळहुळत असेल आणि शरीर तापल्यावर दुखणं कमी होत असेल, तर तो बहुधा शिन स्प्लिंट. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते, धावताना दुखणं वाढतच जातं, उडी मारली की कळ येते, रात्री ठणका लागतो, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर गेल्याची, शंका घ्या आणि धावणं त्याच दिवशी बंद करा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. त्यावर विसंबून लोक पुन्हा धावतात आणि चिरेचा मोड होतो. लक्षणं टिकली तर एमआरआयबद्दल ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी बोला. जांघेत खोलवर दुखणं, पावलाच्या वरच्या कमानीवर नेमकं दुखणं आणि नडगीच्या पुढच्या कडेवर दुखणं, या तीन जागी एक दिवसही थांबू नका. खुब्याच्या हाडाची चीर सरकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

पोटरीबद्दलही एक सांगायलाच हवं. लचक आठवत नाही, पण पोटरी सुजली आहे, गरम लागते, दाबल्यावर दुखते, तर मालिश करू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागत असेल तर थेट इस्पितळात.

हाड वारंवार दुखावत असेल तर ताटाकडेही बघा. श्रावण, मग गणपती, मग नवरात्रीचे उपवास, आणि त्याच महिन्यांत वाढणारे किलोमीटर, ही जोडी हाडांना मानवत नाही. भरून येण्याच्या काळात वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धरा. ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. शिजलेल्या वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतात, अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये पंचवीसेक. साबुदाण्यात जवळजवळ नाहीत. स्त्रियांची पाळी लांबत किंवा चुकत असेल, तर शरीराला खाणं पुरत नसल्याची ती खूण असू शकते. ती तपासल्याशिवाय किलोमीटर वाढवू नका.

गोळी घेऊन धावणं

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन या गोळ्या दुखण्याची सूचना दाबतात. शिवाय घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. मुंबईच्या दमट हवेत लाँग रनच्या आधी त्या घेणं धोक्याचं आहे, आणि गोळी घेतल्याशिवाय रेस धावता येत नसेल तर ती रेस धावायचीच नाही. अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन लगेच धावल्याने कंडरा तुटू शकतो.

पावसाळ्यात पोट बिघडलं की घरातल्या जुन्या पट्टीतली सिप्रोफ्लोक्सासिन किंवा ओफ्लोक्सासिन घेण्याची सवय अनेकांना असते. या गटातल्या अँटिबायोटिकांनी कंडऱ्याला, विशेषतः अकिलीसला, इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. धावणाऱ्याने डॉक्टरांना ‘मी धावतो’ हे आधी सांगावं. घेणं भागच पडलं आणि टाचेमागे दुखायला लागलं, तर धावणं थांबवून डॉक्टरांना कळवा.

रस्त्याचा उतार विसरणं

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात. नेहमी डाव्याच कडेने धावलात तर डावा पाय रोज थोड्या खोलात पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ, म्हणजे आयटी बँडचं (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचं) दुखणं, कितीतरी जणांना इथूनच लागते. सकाळी रहदारी नसेल तिथे जाताना एक कड, येताना दुसरी, असं करा. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारत असाल तर दर दोन फेऱ्यांनी दिशा बदला. एक मिनिट-दोन मिनिटांच्या दिवसांत पार्कसारखी जागा चांगली, कारण दुखलं तर घर दूर राहत नाही. मरीन ड्राइव्हवर किंवा वरळी सी फेसवर जोशात पुढे गेलं की तेवढंच परत यावं लागतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधला कान्हेरीचा रस्ता पहिले दोन महिने नको. चढताना अकिलीस ताणला जातो, उतरताना गुडघा.

भिजलेले शूज उन्हात किंवा ड्रायरने वाळवू नका. फोम आणि गोंद खराब होतो. आतली गादी काढून वर्तमानपत्र कोंबा आणि दोन तासांनी कागद बदला. परतताना नव्या प्रकारचे शूज घेण्याचा मोहही आवरा. टाच-चवड्याच्या उंचीतला फरक १० मिलिमीटरवरून एकदम ४ वर आला, की तेवढा जादा ताण पोटरी आणि अकिलीसवर येतो.

न मोजलेला भार

विसर्जनाच्या मिरवणुकीत अनवाणी चालणं, नऊ रात्री गरबा, लोकलमध्ये दीड तास उभं राहणं, दिवसभरात चार पुलांचे जिने. पोटरीला आणि टाचेला हे सगळं धावण्यासारखंच लागतं. गरबा तर उड्यांचा व्यायाम आहे. तीन तास खेळलात तर दुसऱ्या दिवशीचा रन वहीतून खोडा.

दुसऱ्याचं वेळापत्रक उचलणं

‘मला पण हेच झालं होतं, पाच आठवड्यांत हाफ मॅरेथॉन धावलो’ असे अनुभव रेसनंतर भरपूर वाचायला मिळतात. ज्यांचं पुन्हा दुखावलं ते सहसा लिहीत नाहीत. अनुभव वाचताना तीन गोष्टी शोधा: निदान कोणी आणि कशावरून केलं, दुखण्याआधी आठवड्याला किती किलोमीटर होते, आणि रेसनंतर महिन्याने काय स्थिती होती. या नसतील तर त्यातले आठवडे तुमच्या कामाचे नाहीत. स्वतः लिहाल तेव्हा हे तीनही लिहा. वेळेपेक्षा त्याचा वाचणाऱ्याला जास्त उपयोग होतो.

जानेवारी धरून बसणं

हिशेब उलटा करा. हाफसाठी, म्हणजे २१ किलोमीटरसाठी, निदान १६ किलोमीटरचा एक आरामशीर लाँग रन हवा. दर आठवड्याला दहा टक्के धरले तर ७ चे १६ व्हायला नऊ आठवडे लागतात. मध्ये हलके दोन आणि रेसआधीचा एक धरून बारा. म्हणजे ऑक्टोबर संपताना ७ किलोमीटर न दुखता व्हायला हवेत. झाले तर हाफ. नाहीतर हिवाळ्यात मुंबईत १० किलोमीटरच्या रेस बऱ्याच असतात, त्यांतली एखादी धरा. सप्टेंबरात दुखापत झालेल्याने त्याच जानेवारीत फुल (४२ किलोमीटर) धावू नये. आपला बिब (छातीवर लावायचा नंबर) दुसऱ्याला देऊही नका. वाटेत तो कोसळला तर वैद्यकीय पथकाच्या हाती तुमची माहिती लागेल.

हाफला उभे राहिलात तर पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा किलोमीटरमागे १५-२० सेकंद सावकाश जा. माहीमकडून सुटल्यावर सी लिंकवर गार वारा आणि गर्दीचा जोर असतो, तिथेच वेग हाताबाहेर जातो. पेडर रोडचा चढ छोट्या पावलांनी घ्या, चालावं लागलं तर चाला. केम्प्स कॉर्नरकडून चौपाटीकडे उतरताना पाय मोकळे सोडू नका. दुखरा गुडघा चढापेक्षा या उतारावर जास्त बोलतो. दुखणं ५ वर गेलं किंवा लंगडायला लागलात, तर पुढच्या वैद्यकीय केंद्रावर थांबा. मेडल घेऊन घरी आलात, तरी पुढचा आठवडा नुसतं चालणं, आणि टाच उचलण्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून.