कांचनमृगाचा प्रसंग लघुचित्रात रंगवताना

आधी वसली, म्हणजे थर चिकटवून केलेला चित्राचा जाड कागद, तयार करा. सुती लगद्याचे ३-४ हातकागद गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने एकावर एक चिकटवा. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही. ते विषारी आहे, म्हणून भांडं वेगळं ठेवा. बुडबुडे मधून कडेला सारा, वजनाखाली पूर्ण वाळवा, मग अकीकाने (गुळगुळीत दगडाने) घासून घोटा. वसली ओलसर असताना घोटली तर वरचा थर सोलून निघतो.

मांडणीला भरपूर वेळ द्या. मेवाडचा राणा जगतसिंह याने करवून घेतलेल्या रामायणात (१६४९-५३) एकाच चौकटीत तेच पात्र पुन्हा पुन्हा येतं. या प्रसंगाला ती रीत फार शोभते: पर्णकुटीपाशी सीता रामाला बोटाने हरण दाखवते आहे, पलीकडे राम बाण सोडतो आहे, टोकाला मारीच मूळ रूपात कोसळला आहे. मधे झाडी किंवा टेकडी घालून प्रसंग वेगळे करा. दोन्ही ठिकाणी रामाचा नीलवर्ण, वस्त्रं आणि धनुष्य तंतोतंत सारखं हवं, नाहीतर दोन वेगळी माणसं वाटतात.

रेखाटन पातळ गेरूने करा. त्यावर पांढऱ्याचा इतकाच पातळ हात द्या की गेरूची रेघ खालून दिसेल; तिच्यावरूनच रेघ पक्की करा.

खरी गोम रंगात मिसळायच्या डिंकात आहे. बाभळीचा डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर चकाकतो आणि तडकून खपल्या निघतात. म्हणून प्रत्येक रंग आधी वसलीच्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर बोट घासून पाहा. आधी पार्श्वभूमी, मग वस्त्रं, शेवटी अंगकांती. एक जाड हात देण्यापेक्षा २-३ पातळ हात द्या. हे हात वाळले की चित्र काचेवर पालथं घालून मागून घोटा. रंग आत बसतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

यानंतर '००' नंबरच्या ब्रशने छटा, बाह्यरेषा आणि डोळे. हरणाला सोन्याचा रंग लावून, वाळल्यावर तेवढाच भाग समोरून अकीकाने हलके घासा म्हणजे झळाळी येते. मोत्यांचे दाट पांढरे ठिपके मात्र सगळं घोटून झाल्यावरच द्या. आधी दिले तर दाबाखाली चपटे होतात आणि त्यांचा उठाव जातो.