सिबिल रिपोर्टमध्ये बँकेने चुकीची नोंद केलीय? ती दुरुस्त कशी करून घ्यायची

लोन नाकारताना बँकेतला माणूस बहुतेक वेळा एवढंच सांगतो की तुमचं सिबिल खराब आहे, आणि ज्याने सगळे हप्ते वेळेवर भरलेत त्याला कळतच नाही की खराब झालं कसं. कधी बंद केलेलं लोन रिपोर्टमध्ये अजून चालू दिसत असतं, कधी भरलेला हप्ता थकीत दाखवलेला असतो, तर कधी भलत्याच माणसाचं कर्ज आपल्या नावावर चढलेलं असतं. हे सगळं दुरुस्त करून घेता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही, फक्त कोणाकडे काय मागायचं हे नीट माहीत पाहिजे.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की सिबिल ही लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी आहे, ती स्वतःहून तुमच्याबद्दल काही लिहीत नाही आणि स्वतःहून काही खोडूही शकत नाही. बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली पण कर्ज देणारी कंपनी) जे पाठवते तेच तिथे दिसतं, त्यामुळे सिबिलला कितीही फोन केलेत तरी "हो, नोंद चुकलीय" हे शेवटी बँकेकडूनच यावं लागतं.

आता रिपोर्ट. भारतात अशा कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो, चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आरबीआयच्या नियमाप्रमाणे या प्रत्येकीला वर्षातून एकदा स्कोअरसकट पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. कुठल्या तरी ॲपवर नुसता स्कोअर बघून भागत नाही, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून पूर्ण रिपोर्ट काढा कारण प्रत्येक खात्याचा तपशील आणि रिपोर्टचा नंबर त्यात असतो आणि तक्रारीत तो लागतो. चारही काढा, एकात बरोबर आणि दुसऱ्यात चूक असं सर्रास होतं.

रिपोर्ट हातात आला की स्कोअर सोडा आणि खात्यांकडे बघा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची रांग असते आणि प्रत्येक महिन्यापुढे डीपीडी, म्हणजे हप्त्याची तारीख उलटून किती दिवस झाले ते. ००० म्हणजे काही थकलेलं नाही, ०३० म्हणजे ३० दिवस उशीर, एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. मग खात्याचं स्टेटस बघा. पूर्ण पैसे भरले असतील तर तिथे क्लोज्ड पाहिजे, सेटल्ड नको, कारण सेटल्ड म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून देऊन प्रकरण मिटवलं असा अर्थ निघतो आणि पुढची बँक ते बघून मागे सरते. हा एक शब्द चुकलेला असला तरी सोडून देऊ नका.

ओळखीचं नाव नसलेलं खातं दिसलं तर लगेच फ्रॉड समजू नका. मोबाइलवरच्या ॲपने किंवा दुकानातल्या ईएमआयवर कर्ज घेतलं असेल तर रिपोर्टमध्ये ॲपचं नाव येत नाही, त्यामागे पैसे देणाऱ्या एनबीएफसीचं येतं. रक्कम आणि कर्ज सुरू झाल्याची तारीख जुळवून बघा. आणि लोन गेल्याच आठवड्यात बंद केलं असेल तर थोडं थांबा, १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे महिन्याभरात दिसायला हवं. खरोखर उशिरा भरलेला हप्ता मात्र चूक नाही, तो तक्रार करून निघत नाही, त्यात वेळ घालवू नका.

एक प्रकार फार त्रास देतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा एखादं लोन मुदतीआधी बंद केलं, पैसे गेले, बंद झाल्याचा मेसेजही आला, पण मागे कधीतरी हप्ता परत गेल्याबद्दल लागलेला दंड, म्हणजे बाऊन्स चार्ज, हिशोबात तसाच राहिला. कोणी मागितला नाही, कोणी कळवलं नाही, आणि रिपोर्टमध्ये ते खातं चारपाचशे रुपयांसाठी महिनोन्महिने थकीत दिसत राहतं. फोनवरचा माणूस म्हणतो एवढे भरून टाका आणि मोकळे व्हा. आधी भरू नका, स्टेटमेंट ऑफ अकाउंट, म्हणजे कर्जखात्याचा पूर्ण हिशोब, मागा, चार्ज कुठल्या तारखेचा आणि कशाचा ते बघा, आणि लोन बंद करताना जी फोरक्लोजरची (मुदतीआधी बंद करण्याची) रक्कम बँकेने स्वतः लेखी दिली होती त्यात तो धरला होता का ते बघा. पूर्ण रक्कम भरल्याचं एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचं बँकेचं पत्र, तुमच्याकडे असेल तर नंतरचं थकीत दाखवणं ही त्यांची चूक आहे आणि तसं ठासून लिहा.

आता तक्रार. दोन्हीकडे एकाच दिवशी करा, ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका आणि बँकेला मेल करा. ब्युरोवर चुकीचं खातं आणि नेमका चुकीचा रकाना निवडायचा असतो, मग त्या नोंदीवर वाद चालू असल्याचा शेरा येतो. बँकेच्या मेलमध्ये रामायण नको, असं काहीतरी लिहा:

"माझ्या कर्ज खाते क्रमांक अमुक चे सर्व पैसे अमुक तारखेला भरले असून आपले एनओसी सोबत जोडले आहे. तरीही रिपोर्ट क्रमांक अमुक मध्ये हे खाते चालू व अमुक रुपये थकीत दाखवले आहे. स्टेटस क्लोज्ड, थकबाकी शून्य आणि अमुक महिन्यापासूनचे डीपीडी दुरुस्त करून चारही क्रेडिट ब्युरोंना कळवावे. विनंती नाकारल्यास कारण लेखी द्यावे."

प्रत्येक चुकीचा रकाना नाव घेऊन लिहा, नाहीतर थकबाकी शून्य करतात आणि जुने डीपीडी तसेच ठेवतात. स्कोअर कमी का आहे असं विचारू नका, नोंद चुकीची आहे एवढंच धरून ठेवा. सोबत एनओसी, पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट आणि रिपोर्टचं ते पान जोडा. शाखेत जाऊन तोंडी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही, पोच आणि तक्रार क्रमांक घ्याच, कारण पुढची सगळी दिवसमोजणी त्या तारखेपासून होते.

दिवसमोजणी महत्त्वाची का ते सांगतो. आरबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढला, तक्रार पहिल्यांदा नोंदवल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. त्यातले २१ दिवस बँकेचे, तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवली नाही तर भरपाई बँक देणार, तिने वेळेत पाठवूनही ब्युरोने काम लांबवलं तर ब्युरो देणार. हे पैसे तुमच्या हक्काचे आहेत, मेलमध्ये स्पष्ट मागा आणि बँक खात्याचा तपशीलही द्या. खरं सांगायचं तर रकमेपेक्षा या नियमाचा उल्लेख जास्त कामाचा, फाइल हलते.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर बँकेच्या वेबसाइटवर नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याचा, मेल असतो, तिथे पाठवा. ३० दिवस उलटले किंवा नकार आला की आरबीआयच्या ओम्बड्समनकडे (तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) जा, आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही, अडलात तर १४४४८ वर फोन करून विचारता येतं. ब्युरोसुद्धा २०२२ पासून याच योजनेत आहेत, म्हणजे चूक ब्युरोची असली तरी दाद मागता येते. यात उशीर मात्र करू नका.

कर्ज तुम्ही घेतलंच नसेल तर रस्ता थोडा वेगळा. सायबर क्राइम पोर्टलवर किंवा १९३० वर तक्रार नोंदवा, तिची प्रत बँकेला द्या आणि कर्जाच्या अर्जाची, केवायसीची आणि पैसे कुठल्या खात्यात गेले त्याची माहिती मागा. वसुलीवाले दमदाटी करतील, थोडे भरून मिटवा म्हणतील, पण एक रुपयाही भरू नका, भरलं की कर्ज कबूल केल्यासारखं होतं.

पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, तेही हाच फुकटचा फॉर्म भरतात आणि वर तुमचा पॅन, आधार, ओटीपी त्यांच्या हातात जातो. मधल्या काळात दुसरीकडे लोन पाहिजेच असेल तर एनओसी आणि तक्रार क्रमांक त्या बँकेला आधीच दाखवा, काही अधिकारी ऐकून घेतात. दुरुस्ती झाल्याचा मेल आला की चारही ब्युरोंकडे नोंद बदलली का ते तपासा, आणि दोनतीन महिन्यांनी पुन्हा एकदा बघा, कारण बँकेच्या सिस्टीममध्ये मूळ नोंद तशीच राहिली असेल तर पुढच्या डेटाबरोबर तीच चूक परत चढते. तसं झालं तर जुना तक्रार क्रमांक देऊन नवीन तक्रार त्याच दिवशी टाका.