बीटल घेताय? आधी दाराखालचा पत्रा बघा

फोक्सवॅगनची जुनी बीटल बघायला गेलात की मालक सगळ्यात आधी इंजिन सुरू करून दाखवतो. दाखवू दे. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. हवेवर थंड होणारं ते चार सिलिंडरचं इंजिन भलतंच सोशिक असतं, बाकीची गाडी संपली तरी ते फटफटत राहतं. त्या आवाजाला भुलून तिथल्या तिथे विसार देणारे पुष्कळ आहेत. मीही दिला होता. किनारपट्टीवर ही गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते.

आता ज्याने माझा सगळा हिशेब फिरवला ते जरा सविस्तर सांगतो, कारण बीटलवर तासन् तास बोलणारी माणसंही इथे घाईत पुढे जातात. ही गाडी दोन भागांत बनते. खाली मधोमध टनेल, म्हणजे पुढून मागे जाणारा पोकळ कणा, असलेली चासी आणि वर बॉडी, दोन्ही बोल्टांनी जोडलेले. बॉडीच्या दोन्ही बाजूंना दाराच्या उंबऱ्याखालून पुढून मागे एक पोकळ पेटी जाते, तिला हीटर चॅनेल म्हणतात. इंजिन मागे, थंडी वाजणार पुढे बसलेल्यांना. म्हणून सायलेन्सरपाशी तापलेली हवा पुढे न्यायला जर्मनांनी हीच पोकळी वापरली. म्हणजे गरम हवेचा मार्ग आणि गाडीची ताकद, दोन्ही एकाच पत्र्यात.

मालवणात हीटर लावतो कोण? मागचे जोडपाईप कधीतरी फाटतात, 'कशाला हवेत' म्हणून कोणी परत बसवत नाही, आणि चॅनेलची तोंडं उघडी राहतात. तिथून खारी, दमट हवा आत जाते. जांभ्याची लाल धूळ जाते. ती आत साचून ओल धरून ठेवते, आणि आतल्या बाजूला तिला अडवायला धड रंगही नसतो. गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग फुगेपर्यंत आत जाळी झालेली असते.

माझ्या गाडीवर रंग कोरा होता, उंबरे आरशासारखे. त्याखाली बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, होती. गाडी जॅकवर चढवली की डावं दार अडकायचं, खाली उतरवली की सुटायचं. मला वाटलं बिजागर. डेंटरने एकदाच बघितलं आणि म्हणाला, "दार बराबर आसा, गाडीच वाकता हा."

म्हणून बघायला जाताना पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या आणि उंबऱ्यावरून, चाकांच्या मागून फिरवा. जिथे सुटेल तिथे लांबी आहे. दाराभोवतीची फट वर आणि खाली सारखी आहे का बघा. मग मालकाला विचारून एका बाजूने जॅक लावा आणि तीच फट परत बघा. बदलली तर चॅनेल गेलं. पुढचं कार्पेट उचला, चॅनेल आणि तळ जिथे मिळतात तिथे पेचकसाने दाबा. मागची सीट उचला. तिच्याखाली उजवीकडे बॅटरी बसते, तिच्या ॲसिडने तिथला तळ खाल्लेला असतोच. मालक कार्पेट उचलू देत नसेल तर चहा पिऊन निघा. खरंच निघा. गाडी कितीही गोड दिसली तरी.

आता घाबरवून झालं असेल तर धीरही देतो. चॅनेल गेलं म्हणजे गाडी गेली असं नाही. या गाड्या २ कोटी १५ लाखांच्या वर बनल्या, शेवटची ३० जुलै २००३ला मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली, त्यामुळे पत्र्यापासून रबरापर्यंत जवळजवळ सगळं आजही नवं बनतं. मागवावं लागतं, कस्टमची ड्युटी बसते, वाट बघावी लागते, एवढंच.

पण काम क्रमाने करायचं. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाईप टाके मारून बसवायचे, नाहीतर चॅनेल निघताक्षणी बॉडी मिटते. एका वेळी एकच बाजू. नवा चॅनेल आधी कच्च्या टाक्यांवर धरायचा, दार लावून फट बघायची, बोल्टांची भोकं चासीशी जुळतात का बघायचं, मगच पक्कं वेल्डिंग. तेही सीओटूचं, म्हणजे विजेवरचं तारेचं, गॅसच्या ज्वाळेचं नको. गॅसच्या आचेने पातळ पत्रा लाटा मारतो. आणि बंद करायच्या आधी सगळ्या नळ्या, झाकणं जागेवर आहेत हे बघायचं, वेल्डिंग संपलं की गंज अडवायला आत मेण फवारायचं.

इथे शॉर्टकट सुचवणारे भेटतील. चौकोनी पाईप घालून देतो म्हणणारा पहिला. त्याचं काम दणकट दिसतं आणि पुढच्या माणसाला ते कापताना रडू येतं. दुसरा खालून डांबर मारून देतो. गंजावर डांबर म्हणजे ओल आत कोंडून वरून झाकण लावणं. जेटीवरचा कोणी दोस्त, होडीला गंज लागू नये म्हणून लावतात तो जस्ताचा गोळा चासीला बोल्ट करायला सांगेल. तो गोळा पाण्यात बुडालेला असेल तरच काम करतो, हवेत उभ्या गाडीला त्याचा उपयोग शून्य. जस्ताचा प्रायमर मात्र जरूर मारा.

गुरूबद्दल माझं मत जरा तिखट आहे. व्हिडिओवाले गोरे मिस्त्री शिकवतात छान, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या वाळवंटात वाळलेल्या असतात. शहरातले जाणकार फोनवरच 'पाठवून दे इकडे' म्हणतात. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बजाज स्कूटरची इंजिनं उघडण्यात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. पहिल्या दिवशी त्यानेही "ह्येचो रेडिएटर खंय आसा?" असं विचारून घेतलं. पण पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणातून फिन्सवर, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या चकत्यांवर, गेली पाहिजे, हे त्याला समजावावं लागलं नाही. चेतकमध्येही तेच असतं. असा माणूस शोधा, आणि तो काम करताना तुम्हाला टॉर्च धरू देतो का ते बघा. गाडी ठेवून जा, संध्याकाळी या, असं म्हणणाऱ्याकडून काही शिकायला मिळत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. डायनॅमो आणि पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. म्हणून डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला तर 'चार्जिंगचं नंतर बघू' चालत नाही. पट्टा तुटला असेल तर इंजिनाची हवाच बंद झाली. जागच्या जागी थांबा. डिकीत जादा पट्टा, २१चा पाना आणि जाड पेचकस कायम असू द्या. इंजिनाभोवतीचे काळे पत्रे आणि कडेचं रबर 'उगाच अडचण' म्हणून काढून टाकलेलं असतं, ते परत बसवा. नाहीतर खालची तापलेली हवाच पंखा पुन्हा ओढतो. १९७० पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच असतो, त्याच्यामागचा तिसरा सिलिंडर जास्त तापतो, त्याचा व्हॉल्व्ह आधी जळतो. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची, फट ०.१५ मिमी, इंजिन पूर्ण गार असताना. ऑइल अडीच लिटर, कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. तेव्हा ५,००० किलोमीटरच्या पुढे ताणू नका.

आंबोली चढताना तिसऱ्यात रेटत नेऊ नका, दुसरा टाका आणि इंजिन फिरू द्या. कानाला ते वाईट वाटतं, पण पंखा इंजिनाबरोबरच फिरतो, फेरे पडले की हवाही पडली.

पेट्रोलचं मात्र गमतीत घेऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या ते फुगवतं, चिरवतं, आणि नळी गळते ती नेमकी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, एकदा पेटलं की पाणी मारल्याने आणखी भडकतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि क्लिपाही नव्या. गाडी घरी आली की हे पहिलं काम, रंगाच्या कितीतरी आधी.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर नको. वारा खेळणारा मांगर, म्हणजे साधी शेड, बरी. दारांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. उघडीप मिळाली की अर्धा तास फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवून फक्त ऑइलमध्ये पाणी होतं. समुद्रावर नेलीत तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

कागद. ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. बाजाराला न्यायची असेल तर जिची नेहमीची नोंदणी जिवंत आहे तीच गाडी शोधा. चासी नंबर मागच्या सीटखाली टनेलवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर डायनॅमोच्या स्टँडखाली. दोन्ही आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. तळ बदलायची वेळ आली की डेंटर सांगेल, अख्खी चासीच दुसरी घालू, सोपं पडेल. नाही म्हणा. दोन्ही बाजूंचे तळाचे पत्रे वेगळे मिळतात, तेच जोडून घ्या आणि नंबराचं टनेल जागचं हलू देऊ नका, नाहीतर आरटीओत चकरा तुम्हालाच मारायच्या आहेत, त्याला नाही.