स्मृतिभ्रंशाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव घालताय? या चुका टाळा

स्मृतिभ्रंशावरच्या ट्रायलची चौकशी करणारे लोक बहुधा दोन टोकांवर असतात. एक म्हणतो, 'आमच्या माणसावर प्रयोग नकोत.' दुसरा म्हणतो, 'काहीही करा, पण आईचं नाव त्यात घाला.' दोघांची गफलत एकच. दोघेही ट्रायलला उपचार समजतात. एकाला तो जीवघेणा वाटतो, दुसऱ्याला रामबाण. ट्रायल घेतात ती एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला. औषध लागू पडतं हे आधीच माहीत असतं, तर ती घेतलीच नसती. एवढं डोक्यात पक्कं नसलं की पुढच्या बऱ्याच चुका ओघानेच होतात.

निदान अर्धवट असताना ट्रायल शोधणं

डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश, हा काही एकच आजार नाही. अल्झायमर, मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून होणारा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल असे त्याचे प्रकार आहेत आणि औषधाची ट्रायल सहसा त्यातल्या एकाच प्रकारासाठी असते. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा चालू असलेली एखादी गोळी यांमुळेही माणूस विसरायला लागतो. त्याला ट्रायल लागत नाही, साधे उपचार लागतात.

फक्त लक्षणांवरून निदान करताना तज्ज्ञही चुकतात. बापिनेझुमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या ट्रायलचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अल्झायमरची जोखीम वाढवणारं एपीओई-ई४ हे जनुक नसलेल्या ज्या सहभागींचे पेट स्कॅन झाले होते, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या मेंदूत अमायलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणाऱ्या प्रथिनाचा, पुरेसा साठाच नव्हता, आणि औषध तर अमायलॉइड काढण्यासाठीच होतं! म्हणून आता पेट स्कॅन, मणक्यातल्या पाण्याची तपासणी किंवा पी-टाऊ २१७सारखी रक्ततपासणी करून आधी खात्री करून घेतात. 'एवढ्या तपासण्या कशाला?' अशी कुरकुर करणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात ठेवावा.

सगळे उपाय संपल्यावर ट्रायलकडे वळणं

आधी हे औषध, मग ते, मग कुणीतरी सुचवलेली पूड, आणि काहीच जमेना तेव्हा ट्रायल. हा क्रम समजण्यासारखा आहे, पण तोवर बहुतेक दारं बंद झालेली असतात. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही अमायलॉइड काढणारी औषधं. लेकानेमॅबच्या मोठ्या ट्रायलमध्ये एमएमएसई या स्मरण-चाचणीत ३०पैकी किमान २२ गुण लागत होते, डोनानेमॅबच्या ट्रायलमध्ये २० ते २८. म्हणजे आजार अगदी सुरुवातीचा हवा. गुण १४वर आल्यावर अशा ट्रायलसाठी धावाधाव करून हाती काही लागत नाही.

आजार पुढे गेलेल्यांसाठी काहीच नसतं, असं मात्र नाही. अस्वस्थपणा, आरडाओरडा, झोपेची उलथापालथ, सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण यांवरही ट्रायल होतात. अल्झायमरमधल्या अस्वस्थपणासाठी ब्रेक्सपिप्रॅझोलला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली ती अशाच ट्रायलमधून. घरच्यांच्या रोजच्या जगण्यात फरक पाडण्याच्या दृष्टीने मला या ट्रायल कमी मोलाच्या वाटत नाहीत, पण त्यांच्या बातम्या होत नाहीत आणि त्यामुळे कुणी विचारतही नाही.

चाचणीची 'तयारी' करून घेणं

ही चूक प्रेमापोटी होते आणि तीच सर्वांत जास्त घात करते. तपासणीला निघताना गाडीतच उजळणी सुरू होते: 'आई, आज वार कोणता? तारीख? शंभरातून सात वजा कर बघू.' आत गेल्यावर डॉक्टरांनी प्रश्न विचारला की मुलगी ओठांनीच उत्तर सुचवते.

सीडीआर नावाच्या मूल्यमापनात तर घरच्या माणसाला आधी एकट्याला बसवून विचारतात, की गेल्या आठवड्यात किंवा महिन्याभरात घरात काय काय घडलं ते बारकाव्यांसह सांगा. नंतर रुग्णाला तेच विचारतात आणि दोन्ही उत्तरं ताडून बघतात. वाटेत 'परवा मामा आले होते, श्रीखंड आणलं होतं, लक्षात आहे ना?' असं घोकून घेतलं असेल तर त्या मुलाखतीला काही अर्थच उरत नाही.

परिणाम दोन. एक तर गुण वाढल्यामुळे रुग्ण ट्रायलच्या निकषात बसत नाही. नाहीतर तो आत येतो, पण सुरुवातीची नोंद फुगलेली असल्यामुळे सहा महिन्यांनी आजार झपाट्याने वाढल्यासारखा दिसतो. याच्या उलट, प्रवेश मिळावा म्हणून लक्षणं वाढवून सांगणारेही असतात. दोन्ही प्रकारांत नुकसान आपलंच. घरी कसं चाललंय ते जसंच्या तसं सांगा आणि चाचणी सुरू असताना सरळ खिडकीबाहेर बघत बसा.

टक्का बघून हुरळून जाणं

'अल्झायमरचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला' ही लेकानेमॅबची बातमी आठवत असेल. त्या ट्रायलमध्ये १,७९५ लोक होते आणि कालावधी १८ महिन्यांचा. वर सांगितलेल्या सीडीआर पद्धतीच्या शून्य ते १८ गुणांच्या मोजपट्टीवर प्लासिबो (औषधासारखाच दिसणारा, पण औषध नसलेला डोस) घेणाऱ्यांची घसरण सरासरी १.६६ गुणांची झाली, औषध घेणाऱ्यांची १.२१ गुणांची. फरक ०.४५ गुणांचा, आणि हेच ते २७ टक्के. दोन्ही गटांतला आजार वाढलाच, एका गटात जरा सावकाश. हा फायदा खरा आहे, पण 'आठवण परत येईल' या आशेशी त्याचा संबंध नाही.

किंमतही बघायला हवी. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत एमआरआयवर सूज दिसली. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही. पण ज्यांच्यात एपीओई-ई४ जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या वर गेलं. म्हणून जनुक-तपासणीचा विषय निघाला की तो टाळू नका. त्या उत्तराचा संबंध मुलांशी, भावंडांशीही पोचतो, त्यामुळे निकाल कुणाला कळवायचा हे तपासणीआधीच ठरवा.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. सेमागासेस्टॅट हे अल्झायमरवरचं प्रायोगिक औषध घेणाऱ्यांची अवस्था प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा बिघडत चालल्याचं दिसलं आणि २०१० साली ते थांबवावं लागलं. अमायलॉइडविरुद्धच्या एका लशीची ट्रायल २००२ मध्ये बंद झाली, कारण सुमारे ६ टक्के लोकांच्या मेंदूला आणि आवरणांना दाह झाला. अमायलॉइड काढणाऱ्या अॅड्युकॅन्युमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेत वादग्रस्त मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये कंपनीने ते गुंडाळायचं ठरवलं. प्लासिबो गटात जाणं म्हणजे नशीब फुटकं, असं मानणाऱ्यांनी सेमागासेस्टॅटची गोष्ट जरूर आठवावी.

प्रतिबंध म्हणजे गोळी, असं धरून चालणं

स्वतःला अजून काही झालेलं नाही, पण आईवडिलांना झालं होतं म्हणून धास्तावलेले लोक विचारतात, 'आधीच घ्यायचं काही निघालंय का?' गोळ्या-इंजेक्शनांचा इतिहास इथे फारसा उत्साहवर्धक नाही. गिंको या वनस्पतीचा अर्क ३,०६९ ज्येष्ठांवर वर्षानुवर्षं तपासला. २००८ सालच्या निष्कर्षानुसार डिमेन्शिया टळला नाही. पासष्टीपुढच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर डिमेन्शियाचं प्रमाण दुप्पट झाल्याचं २००३ मध्ये दिसलं. लक्षणं नसलेल्या पण मेंदूत अमायलॉइड साठलेल्या लोकांना सोलानेझुमॅब हे अमायलॉइडविरोधी औषध साडेचार वर्षं देऊनही घसरण थांबली नाही, हे २०२३ मध्ये कळलं.

जीवनशैलीच्या ट्रायल जास्त आशादायक आहेत आणि लोक नेमकं त्यांनाच नाक मुरडतात. फिनलंडमधल्या फिंगर ट्रायलमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तवाहिन्यांच्या जोखमीवर लक्ष असा एकत्र कार्यक्रम दिला. त्यांची बौद्धिक कामगिरी तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. अमेरिकेतल्या पॉइंटर ट्रायलमध्ये २,१११ लोकांचे दोन गट होते. एकाला आखून दिलेला, देखरेखीखालचा कार्यक्रम, दुसऱ्याला आपलं आपण जमेल तसं. २०२५ मधले निष्कर्ष सांगतात की दोन्ही गट सुधारले, देखरेखीचा गट थोडा अधिक. या ट्रायलमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका नसतो. कंटाळा येण्याचा असतो, आणि तो बऱ्यापैकी मोठा आहे.

इथेही मथळ्यांपासून सावध राहा. 'श्रवणयंत्राने डिमेन्शिया निम्म्यावर' असं अचीव्ह ट्रायलबद्दल सांगतात. ९७७ लोकांच्या त्या ट्रायलमध्ये सगळे मिळून पाहिलं तर तीन वर्षांत फरक दिसला नव्हता. ४८ टक्क्यांचा आकडा आधीपासून जास्त जोखीम असलेल्या उपगटाचा, आणि तोही बौद्धिक घसरणीचा. ऐकू येत नसेल तर यंत्र अवश्य लावा, पण ते ऐकू यावं म्हणून. रक्तदाबाचंही तसंच आहे. स्प्रिंट माइंड या ट्रायलमध्ये वरचा रक्तदाब १२०च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवल्यावर सौम्य बौद्धिक दोषाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झालं. डिमेन्शियातली घट मात्र ठामपणे सांगण्याइतकी नव्हती.

यादीत नाव दिसलं म्हणजे मान्यता, असं समजणं

ट्रायलच्या सार्वजनिक नोंदवह्या उपयोगी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर अनेक देशांच्या नोंदी एकत्र शोधता येतात, अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही सर्वांना खुली आहे. पण नोंद संशोधकाने स्वतः केलेली असते. ती दिसते म्हणून सरकारने त्या उपचाराची शहानिशा केली असं होत नाही, आणि त्या साइटवर तसा खुलासाही असतो. स्टेम सेलच्या नावाने भरमसाट पैसे घेणारी काही केंद्रं याच गैरसमजाचा फायदा उठवतात.

प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून मोठी रक्कम मागितली, तर तिथेच थांबा. तुलनेचा गट आहे का, एथिक्स कमिटीची परवानगी कुणाची, ट्रायल कितव्या टप्प्यात आहे, हे विचारा. पहिला टप्पा मुख्यतः सुरक्षितता आणि डोस पाहतो, औषध लागू पडतं की नाही हे बहुतांशी तिसऱ्या टप्प्यात कळतं. यातल्या एखाद्या प्रश्नाला फाटे फुटायला लागले की उठून यावं.

गोळ्या लपवणं, आणि ट्रायल लपवणं

रक्त पातळ करणारी गोळी सांगितली तर घेणार नाहीत, म्हणून ती न सांगणारे लोक आहेत. घेणार नाहीत, त्याचं कारण रक्तस्राव हे आहे! काढे, पूरक गोळ्या, झोपेचं औषध, सगळं डब्यासकट घेऊन जा. डोनेपेझिलसारखं अल्झायमरचं नेहमीचं औषध चालू असेल तर त्याचा डोस बहुधा काही आठवडे स्थिर असावा लागतो. ट्रायलच्या तोंडावर आपल्या मनाने बंद किंवा सुरू करू नका.

याची दुसरी बाजू फार कमी लोकांच्या ध्यानात येते. अमायलॉइड काढणाऱ्या औषधांनी आलेली सूज पक्षाघातासारखी दिसू शकते: बोलणं अडखळतं, एक बाजू लुळी पडते. आपत्कालीन विभागात ट्रायलबद्दल कुणी बोललं नाही, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जाऊ शकतं. लेकानेमॅबच्या ट्रायलशी संबंधित एका रुग्णाचा असं इंजेक्शन दिल्यावर मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन मृत्यू झाल्याची नोंद आहे. ट्रायलचं कार्ड रुग्णाच्या पाकिटात तर ठेवाच, पण घरात जे कोणी १०-१५ मिनिटांत धावून येईल त्यालाही त्याचा फोटो पाठवून ठेवा.

सोबत्याचा विचार न करणं

जवळजवळ प्रत्येक डिमेन्शिया ट्रायलला एक 'स्टडी पार्टनर' लागतो. तो नुसता आणून सोडणारा नसतो. दर आठवड्याला काही ठरावीक तास रुग्णासोबत घालवणारा, प्रश्नावल्या भरणारा, कदाचित दर दोन आठवड्यांनी इंजेक्शनच्या दिवशी रजा टाकणारा माणूस. सही करताना तिन्ही भावंडं हो म्हणतात, पाचव्या महिन्यात एकाच सुनेच्या गळ्यात सगळं पडतं. आधीच लेखी ठरवा: कोण जाणार, ती आजारी पडली तर कोण, प्रवासखर्च आणि बुडालेली रजा यांचं काय. ट्रायल चमूलाही हे विचारायला संकोचू नका, बऱ्याच ठिकाणी प्रवासखर्च मिळतो.

आणि रुग्णाला विचारा. सही कायदेशीररीत्या दुसऱ्याची चालत असली, तरी त्यांनी दर वेळी सुई पाहून हात ओढून घेतला तर तो नकारच आहे.

अडलं तर

स्क्रीनिंगमध्ये नाकारलं, तर कारण विचारून घ्या. तपासण्यांच्या प्रती मिळतील का तेही विचारा. काही निकष तात्पुरते असतात आणि पुन्हा तपासणी होऊ शकते. प्लासिबोच मिळतंय असं वाटू लागलं, तर बाहेरून रक्ततपासणी करून ओळखायचा प्रयत्न करू नका, त्याने ट्रायल बिघडते. मुख्य कालावधी संपल्यावर सगळ्यांना औषध मिळण्याचा टप्पा आहे का, हे संमतिपत्रात आधीच पाहून ठेवलेलं बरं. त्रास होत असेल तर गुपचूप जाणं सोडू नका, आधी कळवा. औषध थांबवूनही तपासण्यांपुरतं येत राहता येतं का ते विचारा. पूर्ण बाहेर पडायचा हक्क तर कधीही असतोच, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार तुटता कामा नयेत.

ट्रायल संपल्यावर किंवा कंपनीने मध्येच बंद केल्यावर एक काम बहुतेकांकडून राहून जातं. आपण कोणत्या गटात होतो, कोणतं औषध किती महिने मिळालं, हे उघड होताच लेखी मागून घ्या आणि शेवटच्या एमआरआयसोबत फायलीत लावा. पुढच्या ट्रायलमध्ये अमायलॉइडविरोधी औषध पूर्वी घेतलं होतं का, हा प्रश्न विचारतात आणि 'माहीत नाही' या उत्तरावर प्रवेश अडतो.