ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर अपडेट होत नाही? या चुका टाळा

क्रोमच्या मेन्यूतून ‘मदत’ आणि तिथून ‘गूगल क्रोमबद्दल’ उघडलं, की एरवी चक्र फिरतं आणि थोड्या वेळात ब्राउझर अद्ययावत असल्याची निळी खूण दिसते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र पुष्कळदा वेगळीच ओळ येते: अपडेट तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केले आहेत. ती वाचली की बरेच जण लगेच दुरुस्तीला लागतात. ब्राउझर काढून पुन्हा टाकतात, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची आतली नोंदवही) उघडतात, कुठून तरी इन्स्टॉलर शोधून आणतात. या ओळीत बिघाडाचा उल्लेखही नाही. कुणीतरी ठरवून अपडेट बंद केले आहेत, एवढंच ती सांगते. ठरवून केलेली गोष्ट आणि बिघडलेली गोष्ट यांतला फरक आधी लक्षात घेतला, तर अर्धा त्रास तिथेच वाचतो.

संदेश नीट न वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. ‘अपडेट होत नाही’ या एका तक्रारीमागे निदान तीन वेगळी कारणं असतात. कंपनीच्या पॉलिसीने, म्हणजे आयटी विभागाने ब्राउझरला घालून दिलेल्या नियमाने, अपडेट थांबवले असतील, नेटवर्क अपडेटच्या सर्व्हरपर्यंत पोचू देत नसेल, किंवा अपडेट येऊन बसला असेल आणि ब्राउझर पुन्हा सुरूच केलेला नसेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पॉलिसी आहे का हे पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. क्रोममध्ये ॲड्रेस बारमध्ये क्रोम://पॉलिसी आणि एजमध्ये एज://पॉलिसी हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. फायरफॉक्समध्ये त्यासाठी अबाउट:पॉलिसीज आहे. क्रोमच्या पानावर प्रत्येक पॉलिसीचं नाव, तिची किंमत (तिला दिलेला आकडा किंवा शब्द) आणि ती कुठून आली हे दिसतं. विंडोजवर याच पानात गूगल अपडेटच्या पॉलिसींचा वेगळा विभाग असतो, आपल्या कामाचा तोच. ‘अपडेटडीफॉल्ट’ची किंमत ० असेल तर अपडेट पूर्ण बंद. २ असेल तर फक्त हाताने करता येतात. आणि ३ असेल तर उलटं: हाताने तपासायला मनाई, पण मागच्या मागे अपडेट आपोआप येत राहतात. ही ३ फार लोकांना चकवते. अपडेट बंद असल्याचा संदेश पाहून ते घाबरतात आणि ब्राउझर प्रत्यक्षात ताजा असतो.

‘टार्गेटव्हर्जनप्रीफिक्स’ नावाची पॉलिसी दिसली, तर कंपनीने ब्राउझर एका ठराविक आवृत्तीवर अडवून ठेवला आहे. फायरफॉक्समध्ये ‘डिसेबलॲपअपडेट’ ही ओळ शोधा. पान पूर्ण रिकामं असेल तर अडचण पॉलिसीची नाही, पुढे नेटवर्ककडे वळा.

‘बंद’ म्हणजे ‘कधीच नाही’ असं समजणं

ब्राउझरचा स्वतःचा अपडेटर बंद असला तरी ब्राउझर जुना राहतोच असं नाही. मोठ्या कंपन्यांत आयटी विभाग आधी काही मोजक्या मशीनवर नवी आवृत्ती तपासतो आणि मग इंट्यूनसारख्या, सगळी मशीन दुरून सांभाळणाऱ्या साधनाने सगळीकडे पाठवतो. जुन्या अंतर्गत वेबसाइट, हजेरीची किंवा बिलांची ॲप्लिकेशन, स्वाक्षरीचे प्लगइन अशा गोष्टी नव्या आवृत्तीत मोडतात, त्याची त्यांना धास्ती असते. ती धास्ती खोटी नाही. महिन्याच्या शेवटी पगाराचं पोर्टलच उघडेनासं झालं, तर फोन त्यांनाच येतात.

म्हणून आपली आवृत्ती कोणत्या मार्गावरची, म्हणजे किती वेगाने नव्या आवृत्त्या घेणारी, आहे ते पाहा. क्रोम आणि एज या दोघांचा ‘एक्स्टेंडेड स्टेबल’ मार्ग असतो, त्यावर नवी मोठी आवृत्ती आठ आठवड्यांनी येते. फायरफॉक्सचं ‘ईएसआर’ साधारण वर्षभर एकाच मोठ्या क्रमांकावर राहतं, मधल्या काळात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या घेतं. अशा ब्राउझरचा क्रमांक घरच्या कॉम्प्युटरपेक्षा लहान दिसणारच. पहिला आकडा लहान आहे एवढ्यावरून तो धोकादायक ठरत नाही. पाहायचं ते एवढंच, की त्या मार्गावरची शेवटची दुरुस्ती आपल्याकडे पोचली आहे का.

ती पोचलीच नसेल तर मात्र गप्प बसू नये, हे मी आग्रहाने सांगेन. २०२३च्या सप्टेंबरमध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, एक गंभीर दोष सापडला. सुरक्षेच्या दोषांच्या सीव्हीई या जाहीर यादीत तो सीव्हीई-२०२३-४८६३ या क्रमांकाने नोंदला गेला. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिघांनाही घाईने दुरुस्ती काढावी लागली, कारण हल्लेखोर तो आधीच वापरत होते. मुद्दाम तयार केलेलं एक चित्र पानावर दिसणं एवढंही पुरेसं होतं. त्याच वर्षी ऑगस्टपासून क्रोमने दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती द्यायला सुरुवात केली होती. दुरुस्ती जाहीर झाली, की दोष कुठे होता हे सगळ्यांनाच शोधता येतं. त्यामुळे जितके दिवस उशीर, तितका धोका वाढतो. सहा महिने मागे राहिलेला ब्राउझर ही कंपनीची खरी अडचण आहे आणि ती सांगणं हे आपलं काम आहे.

रजिस्ट्रीत हात घालणं

इंटरनेटवर हा उपाय सर्रास सापडतो: पॉलिसीजच्या फोल्डरमधली गूगलची नोंद पुसा, झालं. घरच्या मशीनवर एखाद्या आगंतुक सॉफ्टवेअरने ती नोंद घातली असेल तर हा उपाय चालेलही. ऑफिसच्या मशीनवर तो चुकीचा आहे. एक तर साध्या खात्याला तिथे लिहिण्याचा अधिकार नसतो. असला, तरी विंडोजची ग्रुप पॉलिसी (कंपनीच्या सगळ्या मशीनना एकत्र नियम लावण्याची सोय) साधारण दर दीड-दोन तासांनी पुन्हा तपासली जाते आणि पुसलेली नोंद परत येऊ शकते. मधल्या वेळात ब्राउझर अर्धवट अपडेट झाला, तर आयटीच्या यादीत एक आवृत्ती आणि मशीनवर दुसरी, असा घोळ होतो. शिवाय कंपनीने घातलेला निर्बंध मुद्दाम काढल्याची नोंद आपल्या नावावर राहते. कारण कितीही चांगलं असलं, तरी ते नंतर समजावत बसावं लागतं.

ब्राउझर बंदच न करणं

हे कारण इतकं साधं आहे की कुणी तपासत नाही. अपडेट डाउनलोड होऊन तयार असतो, पण जुना ब्राउझर चालू असेपर्यंत नवा त्याची जागा घेत नाही. ऑफिसचा लॅपटॉप आपण बंद करत नाही, झाकण मिटतो. चाळीस टॅब उघडे असतात आणि ते जातील या भीतीने आठवडे निघून जातात.

क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात खूण दिसते का पाहा. हिरवा रंग म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झालेले नाहीत, केशरी म्हणजे सुमारे चार दिवस, लाल म्हणजे आठवडा किंवा जास्त. काही आवृत्त्यांत तिथे सरळ शब्दच लिहिलेले असतात. खिडकी बंद करूनही फरक पडला नाही, तर सेटिंगच्या ‘सिस्टीम’ विभागात जा. क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवण्याचा पर्याय तिथे असतो. तो सुरू असेल तर खिडकी मिटूनही क्रोम आत चालूच राहतो. टॅबची काळजी असेल तर ब्राउझर सुरू होताना मागचीच पानं उघडण्याचा पर्याय आधी निवडा. फॉर्म अर्धवट भरलेला असेल तर तो मात्र पूर्ण करून घ्या, कारण पान परत आलं तरी त्यात भरलेला मजकूर परत येईलच असं नाही.

नेटवर्कचा दोष ब्राउझरवर ढकलणं

पॉलिसी नाही, पुन्हा सुरू करूनही झालं, तरी तपासणी अपयशी होते आणि सोबत एक लांबलचक कोड दिसतो. तो टिपून ठेवा, निदान शेवटची तीन अक्षरं तरी. विंडोजवर शेवट ईई७ असेल तर सर्व्हरचं नाव सापडलं नाही, ईएफडी असेल तर जोडणी झाली नाही, ईई२ असेल तर वाट पाहून वेळ संपला. तिन्ही प्रॉक्सी, फायरवॉल किंवा डीएनएसकडे, म्हणजे बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कच्या भागांकडे, बोट दाखवतात. अशा वेळी ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करून काहीच हाती लागत नाही, कारण रस्ताच बंद आहे.

एक खास प्रकार घरून काम करणाऱ्यांचा. अपडेट कंपनीच्या आतल्या सर्व्हरवरून येत असतील, तर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी बाहेरून होणारी सुरक्षित जोडणी) न जोडलेल्या लॅपटॉपला ते महिनोन्‌महिने मिळत नाहीत. दिवसभर व्हीपीएन जोडून, चार्जर लावून लॅपटॉप चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आवृत्ती पाहा. कॉम्प्युटरची तारीख-वेळही एकदा बघून घ्या. ती चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रच नाकारलं जातं.

इन्स्टॉलर बाहेरून आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. वेबपानावर ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे क्लिक करा’ अशी पाटी दिसली, तर ती बंद करा. ‘सॉकघोलिश’ नावाचं मालवेअर नेमकं असंच पसरतं. चांगल्या पण हॅक झालेल्या साइटवर ब्राउझरच्या अपडेटची हुबेहूब नक्कल दिसते आणि डाउनलोड होणारी फाइल चोराला दार उघडून देते. जो आधीच अपडेटच्या मागे लागला आहे, तो अशा पाटीवर पटकन विश्वास ठेवतो. खरा अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेन्यूतून येतो, कुठल्याही साइटच्या पानावरून येत नाही.

अधिकृत साइटवरून आणलेला इन्स्टॉलरही इथे उपयोगी पडत नाही. ॲडमिनचा पासवर्ड नसेल तर क्रोम फक्त तुमच्या खात्यापुरता बसू पाहतो, आणि मशीनवर सगळ्यांसाठीचा क्रोम आधीच असेल तर तो बसतच नाही. प्रोग्राम फाइल्समधला जुना तसाच राहतो. नवा बसलाच, तरी मशीनची पॉलिसी त्यालाही लागूच.

मशीनचं वय विसरणं

क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची. २०२३च्या फेब्रुवारीत आलेल्या ११०पासून विंडोज १० लागतं. ऑफिसात एखाद्या कोपऱ्यात असं जुनं मशीन असेल, तर सेटिंग कितीही उलटीपालटी करा, अपडेट येणार नाही. तिथे मागणी ब्राउझरची नाही, ऑपरेटिंग सिस्टीमची करायची.

मोघम तिकीट टाकणं

‘ब्राउझर अपडेट होत नाही, कृपया बघा.’ आयटीकडे पाठवलेल्या अशा तिकिटाला, म्हणजे लेखी तक्रारीला, उत्तर ठरलेलं असतं: रीस्टार्ट करून पाहा. मग दोन दिवस नुसता पत्रव्यवहार. त्याऐवजी असं लिहा:

‘नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर क्रोमची आवृत्ती अमुक आहे. ‘गूगल क्रोमबद्दल’ या पानावर अपडेट ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केल्याचं दिसतं. पॉलिसीच्या पानावर टार्गेटव्हर्जनप्रीफिक्स आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. काल आणि आज ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. ही आवृत्ती मुद्दाम ठेवली आहे का? असल्यास पुढची केव्हा येणार आहे? ग्राहकाचं पोर्टल या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे काम अडलं आहे.’

यात आरोप नाही, पण उत्तर टाळायला जागाही नाही. पुष्कळदा त्या बाजूलाच लक्षात येतं, की कधीतरी एका ॲप्लिकेशनसाठी घातलेली अडवणूक काढायची राहून गेली आहे. ॲप्लिकेशन बदललं, घालणारा माणूस नोकरी सोडून गेला, पॉलिसी तशीच राहिली.

आवृत्ती मुद्दामच ठेवली आहे असं उत्तर आलं, तर अडलेल्या कामासाठी मंजूर असलेला दुसरा ब्राउझर मागा. तोवर जुन्या ब्राउझरमध्ये फक्त ज्यासाठी तो अडवून ठेवला आहे ती अंतर्गत साइट उघडा. बाहेरच्या साइट आणि अनोळखी मेलमधल्या लिंक त्यात उघडू नका, आणि गरज नसलेली एक्स्टेंशन काढून टाका.