आकडे धावतात म्हणजे रेकॉर्डिंग होतेच असे नाही : डिस्क रेकॉर्डरचा टाइमकोड आणि रिमोट वापरताना या चुका टाळा

टेपच्या काळात रेकॉर्डिंग सुरू आहे की नाही हे कानांनाही कळत असे. कॅसेट आत गेली की ड्रमभोवती टेप गुंडाळली जाण्याचा आवाज होई, खिडकीतून फिरणारी रिळे दिसत आणि काही बिघडलेच तर यंत्र कुरकुरून तसे सांगत असे. ओबी व्हॅनमधल्या (थेट कार्यक्रमाच्या चित्रीकरणाच्या फिरत्या गाडीतल्या) त्या खुर्चीला अनेक ठिकाणी आजही ‘व्हीटी’ (व्हिडिओटेप) म्हणतात, पण तिच्यासमोर आता डिस्क रेकॉर्डर किंवा सर्व्हर आले आहेत आणि ते मुके आहेत. साहजिकच ऑपरेटरची सारी भिस्त दोन खुणांवर राहते : मॉनिटरवर धावणारे टाइमकोडचे (प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा क्रमांक देणाऱ्या खुणेचे) आकडे आणि रिमोटच्या पॅनलवर पेटलेला लाल दिवा. थेट कार्यक्रमांतील माझ्या पाहण्यातली बहुतेक फजिती या दोन खुणांवर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकल्यामुळे झालेली आहे.

धावणारे आकडे

थांबलेल्या अवस्थेतील डेक, म्हणजे रेकॉर्डर, सहसा आत येणारे चित्र तसेच बाहेर सोडतो. यालाच ई-ई म्हणतात. बाहेरून आलेला टाइमकोडही याच वाटेने पडद्यावर येतो, त्यामुळे टाइमकोड तयार करणारा जनरेटर सुरू असेल तर रेकॉर्डिंग सुरू नसतानाही आकडे पुढे सरकत राहतात. एका मैफलीत चार डेकपैकी चौथा डेक असाच पाऊण तास नुसता उभा होता, कारण त्याच्या दर्शनी पट्टीवरचे रिमोटचे बटण कोणीतरी बंद केले होते. चारही पडद्यांवर आकडे एकसारखे धावत होते. किंबहुना ते एकसारखे धावत होते म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

त्यामुळे टाइमकोडकडे पाहून रेकॉर्डिंगची खात्री करू नये. डेकची रेकॉर्डची स्थिती, क्लिपची वाढत जाणारी लांबी आणि डिस्कवरील उरलेला वेळ या तीन गोष्टी पाहाव्यात. माझा स्वतःचा भरवसा तिसऱ्या गोष्टीवर अधिक आहे, कारण डिस्कवर काही लिहिले जात असल्याशिवाय उरलेला वेळ कमी होत नाही. ऑपरेटरने दर दहा मिनिटांनी चारही डेकचा उरलेला वेळ कागदावर टिपावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण चौथा डेक त्या दिवशी पहिल्याच फेरीत सापडला असता.

आदेश, पोच आणि प्रत्यक्ष स्थिती

डेकला दुरून आदेश देण्याचा सोनीचा नऊ पिनांचा प्रोटोकॉल मुळात टेप यंत्रांसाठी केलेला असला, तरी डिस्क रेकॉर्डरही आज तोच बोलतात. तो आरएस-४२२ या सीरियल जोडणीवर ३८,४०० बॉड (वेग), आठ डेटा बिट, एक स्टॉप बिट आणि विषम पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) अशा मांडणीने चालतो. यातली विषम पॅरिटी नवख्या माणसाला हमखास ठेच देते. संगणकावरच्या सीरियल प्रोग्रॅममध्ये पॅरिटी बहुधा ‘नाही’ अशी ठेवलेली असते, बाकी सगळे बरोबर भरले जाते आणि डेक मग कधी नकार कळवतो, तर कधी काहीच बोलत नाही. केबल बदलण्याआधी हे सेटिंग पाहावे.

केबलचा दोष असेल तर तो बहुधा जोडीतल्या दोन तारांच्या अदलाबदलीचा असतो. आरएस-४२२ मध्ये प्रत्येक दिशेला दोन तारांची जोडी असते आणि त्या तारांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणण्याची पद्धत सर्व उत्पादकांची सारखी नाही, विशेषतः यूएसबी कन्व्हर्टरच्या बाबतीत. त्यामुळे उत्तर येत नसेल किंवा निरर्थक बाइट येत असतील, तर जोडीतल्या दोन तारा उलट करून पाहाव्यात. संगणकाचा जुना आरएस-२३२ पोर्ट मात्र कनेक्टर तसाच दिसतो म्हणून थेट जोडू नये, कारण त्याची विद्युत पद्धतच वेगळी आहे.

एका कंट्रोलरवरून दोन डेक चालवण्यासाठी ‘वाय’ केबल बनवण्याचा मोह अनेकांना होतो. कंट्रोलरचा आदेश दोघांनाही पोहोचतो हे खरे, परंतु दोन्ही डेक एकाच वेळी उत्तर देतात, ती उत्तरे एकमेकांवर आदळतात आणि कंट्रोलर संपर्क तुटला असे समजतो. असे करणे भागच असेल, तर दुसऱ्या डेककडे फक्त आदेशाची जोडी न्यावी, त्याच्या उत्तराची जोडी मोकळी सोडावी आणि त्या डेकवर नजर ठेवायला माणूस बसवावा.

आता सर्वांत महत्त्वाची चूक. रेकॉर्डचा आदेश ‘२० ०२’ अशा बाइटमध्ये जातो आणि डेक ‘१० ०१’ अशी पोच देतो. या पोचेचा अर्थ आदेश नीट कळला एवढाच आहे, रेकॉर्डिंग सुरू झाले असा नाही. ‘११ १२’ हा नकार असतो आणि त्याच्या पुढच्या बाइटमध्ये पॅरिटी, चेकसम (बाइटच्या बेरजेची पडताळणी), अनोळखी आदेश यांपैकी कारण दिलेले असते. प्रत्यक्षात काय चालले आहे हे कळण्यासाठी ‘६१ २०’ ने वेगळी चौकशी करावी लागते. तिच्या उत्तरात प्ले, रेकॉर्ड आणि लोकल (म्हणजे रिमोट बंद) यांचे स्वतंत्र बिट असतात. डेक लोकलवर असेल तर तो चौकशीला व्यवस्थित उत्तरे देत राहतो, पण हुकूम मानत नाही, आणि पॅनलवरचा दिवा पोचेवरून पेटत असेल तर तो बिनदिक्कत पेटतो. डेकने ९ मिलिसेकंदांत उत्तर द्यावे असा नियम आहे. तेवढ्यात ते आले नाही तर आदेश पुन्हा पाठवण्यापूर्वी स्थिती विचारावी, नाही तर सुरू असलेल्या रेकॉर्डिंगला दुसऱ्यांदा धक्का देण्याची वेळ येते.

नेटवर्कवरून चालणाऱ्या डेकचीही गोष्ट निराळी नाही. ब्लॅकमॅजिकचे हायपरडेक हे डिस्क रेकॉर्डर टीसीपीच्या ९९९३ क्रमांकाच्या पोर्टवर साध्या मजकुरातले आदेश घेतात आणि प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला एक क्रमांक देतात : २०० म्हणजे ठीक, १०४ म्हणजे डिस्क भरली, १०५ म्हणजे डिस्क नाही, १११ म्हणजे रिमोट बंद आहे. घरी लिहिलेल्या स्क्रिप्ट आदेश पाठवून मोकळ्या होतात आणि हे क्रमांक वाचतच नाहीत. जोडणी झाली आणि अक्षरे गेली म्हणजे काम झाले असे त्यांच्या लेखकाला वाटते. याच डेकच्या स्थितीवृत्तात दोन टाइमकोड येतात, एक टाइमलाइनवरील स्थानाचा आणि दुसरा दर्शनी पट्टीवर दिसणारा. घड्याळाच्या वेळेवर रेकॉर्ड केलेली जागा पहिल्या आकड्याने शोधू गेल्यास डेक भलतीकडे जातो किंवा नकार देतो.

क्यू होण्याआधी प्ले

सर्व्हरवरून क्लिप सोडताना व्हीडीसीपी हा प्रोटोकॉल वापरात असतो. लाउथ ऑटोमेशनने तो मुळातच डिस्कसाठी तयार केला, म्हणून त्यात टाइमकोडऐवजी क्लिपच्या ओळखनावाला महत्त्व आहे. जुन्या आदेशांत हे नाव आठ अक्षरांचे असते, कमी पडल्यास रिकाम्या जागांनी भरलेले. लांब नावांसाठीचे आदेश नंतर आले. क्लिप आपोआप सोडणाऱ्या ऑटोमेशनमध्ये लांब नाव आणि सर्व्हरवर आठ अक्षरे अशी गल्लत झाली की क्लिप डोळ्यांसमोर असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. दुसरी चूक घाईची. डिस्कला टेपसारखा पाच सेकंदांचा प्रीरोल (गती घेण्यासाठीची आधीची धाव) लागत नाही म्हणून तिला अजिबात वेळ लागत नाही असे गृहीत धरले जाते. क्यू झाल्याची, म्हणजे क्लिप सोडायला तयार असल्याची, खूण स्थितीत दिसेपर्यंत प्ले पाठवू नये, आणि प्ले पाठवल्यापासून पहिली फ्रेम हलेपर्यंत किती फ्रेम जातात हे सर्व्हरच्या प्रत्येक पोर्टवर मोजून तोच आकडा ऑटोमेशनमध्ये भरावा. दोन पोर्टचा आकडा सारखा असेलच असे मानू नये.

२५, ३० आणि २९.९७

आपल्याकडे दूरदर्शनच्या परंपरेने सेकंदाला २५ फ्रेमची गती रुळलेली असल्यामुळे इतर गतींशी किंवा ड्रॉप-फ्रेमशी (२९.९७ च्या गतीवर टाइमकोड घड्याळाशी जुळावा म्हणून मधले आकडे गाळण्याच्या पद्धतीशी) सहसा गाठ पडत नाही. ती पडते भाड्याने आलेल्या उपकरणांतून, उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण संकलनासाठी मुंबई-पुण्यात येते तेव्हा, आणि हल्ली सर्वांत जास्त संगीताच्या लॅपटॉपमधून. प्रकाशयोजना आणि एलईडी पडद्यांसाठी तो लॅपटॉप बहुधा ३० फ्रेमचा एलटीसी (ध्वनीच्या तारेतून जाणारा टाइमकोड) सोडतो आणि कोणीतरी तोच २५ फ्रेमवर चालणाऱ्या डेकला जोडून देतो. डेक तो नाकारतो किंवा मधले आकडे गाळत वाचतो, आणि दोष केबलच्या माथी मारला जातो. रेकॉर्डरांसाठी २५ फ्रेमचा वेगळा जनरेटर ठेवणे हाच उपाय आहे.

ड्रॉप-फ्रेममध्ये चित्रे गळतात हा गैरसमजही जुना आहे. गळतात ते आकडे : दर मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१, मात्र दर दहाव्या मिनिटाला नाही, म्हणजे तासाला १०८. २९.९७ च्या गतीवर ड्रॉप न ठेवता मोजले तर घड्याळाचा एक तास पूर्ण होतो तेव्हा टाइमकोड ००:५९:५६:१२ दाखवत असतो. तासाभराच्या शेवटी दोन डेकमध्ये साधारण साडेतीन सेकंदांचा फरक दिसला, तर एक डेक ड्रॉपवर आणि दुसरा त्याविना चालत आहे एवढेच समजावे.

५० प्रोग्रेसिव्हमध्ये (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) एक वेगळी मौज आहे. एलटीसीमध्ये फ्रेमच्या दशकस्थानासाठी दोनच बिट असल्याने ३९ च्या वरचा आकडा त्यात लिहिताच येत नाही. म्हणून दोन-दोन फ्रेमची जोडी एका आकड्याखाली येते. एकच आकडा दोनदा दिसला म्हणून डेक दुरुस्तीला पाठवू नये.

तार आणि संदर्भ सिंक

एलटीसी हा फ्रेममागे ८० बिटांचा, म्हणजे २५ फ्रेमवर सेकंदाला २,००० बिटांचा, ऐकू येणारा आवाजच आहे. त्यामुळे तो ध्वनीच्या मिक्सरमधून नेण्याची सोय वाटते आणि तिथेच कंप्रेसर, गेट किंवा इक्वलायझर त्याच्या कडा बोथट करतात. तो लाइन लेव्हलवर, प्रक्रियेविना आणि माइकच्या तारांपासून दूर न्यावा. अन्यथा गायकाच्या माइकमध्ये ती किरकिर झिरपते आणि ध्वनिसंयोजक सोडून सगळे तिचा उगम शोधत बसतात.

आकडे अनियमितपणे एखादी फ्रेम उडी मारत असतील किंवा दोनदा येत असतील, तर तार तपासण्याआधी संदर्भ सिंक (सर्व उपकरणांना एकाच तालावर ठेवणारा सिग्नल) पाहावा. टाइमकोड जनरेटर आणि कॅमेरे एकाच ब्लॅकबर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल सिंकला बांधलेले नसतील, तर कोडाची सीमा चित्राच्या सीमेवरून हळूहळू सरकते आणि त्या ओलांडण्याच्या क्षणी वाचक गोंधळतो. कॅमेऱ्यावरच्या छोट्या जनरेटरला सकाळी एकदा जुळवून दिवसभर विसरणेही असेच महागात पडते. जनरेटरची वेळ राखणारा स्फटिक १० लाखांत एका भागाइतकाच चुकणारा असला तरी दिवसाला दोन फ्रेमचा फरक पडतो.

मध्यरात्र आणि साडेपाच तास

घड्याळाचा टाइमकोड वापरत असताना मैफल रात्री रंगली की २३:५९:५९:२४ नंतर ००:००:००:०० येते, आणि क्लिपचा शेवट आरंभाच्या आधी येतो. काही प्रणाली ती क्लिप ऋण लांबीची समजतात. कार्यक्रम मध्यरात्र ओलांडेल अशी शक्यता असेल, तर जनरेटर घड्याळाऐवजी १०:००:००:०० वर सुरू करावा आणि सर्व विभागांना तसे आधीच कळवावे. एखाद्या डेकचा टाइमकोड इतरांपेक्षा नेमका साडेपाच तासांनी मागे असेल तर त्यात काही गूढ नाही. तो नेटवर्कवरून जागतिक वेळ घेत आहे आणि त्याला भारतीय वेळ कोणी सांगितलेली नाही.

शेवटची तपासणी माझ्या मते कार्यक्रमाच्या दिवशी, सर्व जोडण्या झाल्यावरच करावी. टाइमकोड डेकपर्यंत थेट पोहोचतो, पण चित्र फ्रेम सिंक्रोनायझर, स्विचर आणि कन्व्हर्टरमधून उशिरा येते, आणि म्हणून एकाच टाळीचा आकडा प्रत्येक डेकवर वेगळा पडतो. रंगमंचाच्या मधोमध कोणाला तरी उभे करून टाळी वाजवून घ्यावी, प्रत्येक डेकवर हात जुळल्याची फ्रेम शोधावी आणि आकड्यांतला फरक डेकच्या क्रमांकासह कागदावर लिहून तो कागद डिस्कच्या डब्यात संकलकासाठी ठेवावा.