शेवटचा टॅब बंद केला की फायरफॉक्स ब्राउझरच गायब?
नागपूरचा मे, समोर कूलर, वीजबिल भरून झालं म्हणून उरलेला एकुलता टॅब बंद केला, तर फायरफॉक्सनेच गाशा गुंडाळला! संगणकावर यावर उपाय आहे, फक्त लपवून ठेवलाय. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘अबाउट:कॉन्फिग’ टाइप करा, मध्ये जागा नको. धोक्याची सूचना येते. घाबरू नका, मान्य करून पुढे जा. शोधाच्या चौकटीत ‘क्लोजविंडोविथलास्टटॅब’ इंग्रजीत, सलग लिहा. त्या ओळीवर डबल क्लिक केलं की ‘ट्रू’चं ‘फॉल्स’ होतं. आता शेवटचा टॅब मिटला तरी खिडकी उघडीच राहते. बदललेली ओळ ठळक दिसते. तिच्या उजवीकडच्या बाणाने सगळं पूर्ववत. बाकीच्या ओळींना मात्र उगाच हात लावू नका, भाऊ.